बारा मिनिटांचा प्रवेश

“काय गं परभणी, आज माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून आलीयस का?”

कुमुदताईंनी आरशातूनच विचारलं. मी परभणीची, म्हणून त्या मला गावाच्या नावानंच हाक मारायच्या. मी त्यांच्या मागे उभी राहून अंबाड्यात आकडे खोचत होते. एप्रिलमधला रविवार, दुपारचे साडेतीन. त्या तालुक्याच्या गावातल्या नाट्यगृहाची मेकअप रूम पत्र्याची होती आणि वरचा पंखा नुसताच आवाज करत होता. चारचा प्रयोग. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला होता.

“बघतेय की ताई.”

“आकड्यांकडे बघतेयस. एरवी मी नुसती शिंकले तरी तुझे कान टवकारतात.”

कोपऱ्यात कपड्यांची पेटी उघडून बसलेल्या शेवंताबाई फिसकन हसल्या. कंपनीतला सगळा कपडेपट त्यांच्या ताब्यात असायचा. मी ओशाळून खाली बघितलं. ताई म्हणत होत्या ते अगदी खरं होतं.

मी कुमुदताई हिर्लेकरांची रिप्लेसमेंट होते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. व्यावसायिक नाटकात एखाद्या मोठ्या नटाला ऐनवेळी काही झालं तर प्रयोग बुडू नये म्हणून कुणीतरी त्याची भूमिका पाठ करून तयार बसलेलं असतं. मी सव्वा वर्ष अशी तयार बसले होते. पहिल्या अंकात शेजारची मुलगी म्हणून वाटीभर साखर मागायला जायचं, तीन वाक्यं बोलायची आणि उरलेला वेळ विंगेत उभं राहून आक्काची सगळी भूमिका ओठांतल्या ओठांत म्हणायची. आक्का म्हणजे कुमुदताई. नाटकाचं नाव सांगत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेलच. ताई साठीला आल्या होत्या, पण सव्वा वर्षात त्यांनी साधी सर्दीसुद्धा होऊ दिली नव्हती.

आणि मी देव पाण्यात घालून बसलेली. कंपनीत सगळ्यांना ते माहीत होतं. मी कुणालाही ‘तब्येत कशी आहे?’ म्हणून विचारू शकत होते, फक्त कुमुदताईंना नाही. सुरुवातीला एकदा सहज विचारलं होतं, “ताई, बरं वाटतंय ना?” तर अख्ख्या बसमध्ये हशा पिकला आणि पुढचे दोन दिवस जो तो मला “बरं वाटतंय ना?” म्हणून छळत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

ताईंचंही चुकत नव्हतं. या नाटकाआधी सात वर्षं त्या घरी बसून होत्या. नवरा गेलेला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत लेक ललिता शाळेत शिकवून घर चालवत होती. एकेकाळी ज्यांचं नाव जाहिरातीत सगळ्यांत वर छापलं जायचं, त्या बाईंना कुणी आईच्या भूमिकेलासुद्धा बोलवत नव्हतं. म्हणून ही भूमिका त्यांनी दातांत धरून ठेवली होती. पहिल्याच दौऱ्यात त्यांनी मला बसच्या मागच्या सीटवर बोलावून घेतलं होतं.

“हे बघ, तू चांगली आहेस. उद्या माझ्याहून चांगली होशील. म्हणूनच आधी सांगून ठेवते, मी तुला एकही प्रयोग देणार नाही. एक प्रयोग सोडला ना, की लोक म्हणतात, हिच्याशिवायही चालतं की.”

“मग मी काय करू ताई?”

“वाट बघ. या धंद्यात दुसरं काय करतात? आणि वाट बघताना चेहरा कोरा ठेवायला शीक. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.”

नट व्हायला निघालेल्या माणसाला मिळालेला इतका प्रामाणिक सल्ला मी पुढे कधी ऐकला नाही. पुढे मीही पुष्कळ सल्ले दिले, त्यातला एकही याच्या पासंगाला पुरला नाही. तेव्हा मात्र मला त्यांचा नुसता संताप आला होता.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे बघत नव्हते त्याचं कारण माझ्या पर्समध्ये होतं. दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी बाबांचं पत्र आलं होतं. बाबा परभणीला एका दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी मला मुंबईला पाठवताना दोन वर्षांची मुदत दिली होती आणि ती त्यांनी दिवस मोजून पाळली होती. ‘वसमतची मंडळी चांगली आहेत. मुलगा बँकेत आहे. दौरा आटोपला की सामान घेऊनच ये,’ एवढंच लिहिलं होतं. दौऱ्यातले पाच प्रयोग झाले होते, आजचा सहावा आणि शेवटचा. दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या गाडीत बसणार होते. आक्काची भूमिका तोंडपाठ घेऊन वसमतला जाणार होते. आरशातली ती ठणठणीत बाई मला त्या दिवशी बघवत नव्हती.

पहिला अंक नेहमीसारखा झाला. मी साखर मागितली, तीन वाक्यं बोलले आणि विंगेत आले. अंकाच्या शेवटी धाकटी सून ताट भिरकावते आणि आमटी आक्काच्या निळ्या इरकली नऊवारीवर सांडते. लोक ‘अरेरे’ करतात, पडदा पडतो. दुसरा अंक तिथूनच, त्याच क्षणापासून सुरू होतो.

मध्यंतरात ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या.

“परभणी, एक सोडा आण गं. जळजळतंय. सकाळची मिसळ भोवली बहुतेक.”

मी सोडा घेऊन आले. त्यांचा ब्लाउज पाठभर भिजला होता. उकाड्यानं सगळेच भिजले होते, पण हा घाम वेगळा होता. चेहरा राखाडी पडला होता आणि डाव्या हाताची मूठ त्या सारखी उघडमीट करत होत्या. मी लहानपणापासून बाबांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून अभ्यास केलेली मुलगी. असा घाम फुटलेली माणसं मी पाहिली होती. बाबा त्यांना रांगेतून उठवून तडक डॉक्टरांपुढे नेत.

मला कळलं. लगेच कळलं, आणि मी काही विचारलं नाही. पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले, की बसमधल्या त्या हशाच्या धास्तीनं विचारलं नाही. खरी गोष्ट अशी, की सोड्याची बाटली त्यांच्या हातात देताना मी मनातल्या मनात दुसऱ्या अंकातलं आक्काचं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं होतं.

“काय बघतेस?” ताईंनी विचारलं.

“काही नाही.”

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. “आज चेहरा कोरा आहे हो अगदी. शिकलीस की.”

घंटा झाली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या, पदर सारखा केला आणि स्टेजवर गेल्या.

सात-आठ मिनिटांनी, थोरल्या मुलाशी बोलता बोलता, आक्का देव्हाऱ्याकडे जायच्या ऐवजी स्टेजच्या मधोमध खाली बसल्या. असं नाटकात नव्हतं. थोरल्याचं काम करणारा नट मुरलेला होता. त्यानं सावरून घेतलं, “बसा आक्का, दमलात तुम्ही. या घरानंच दमवलं तुम्हाला.” नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्याशेजारी विंगेत उभे असलेले आमचे व्यवस्थापक बापू तोडणकर हरखून गेले.

“बघ, बघ! सव्वाशे प्रयोग झाले तरी बाई नवी जागा काढतेय. शिक काहीतरी.”

ताई कशाबशा उठल्या. उरलेली दोन वाक्यं बोलल्या, चालत विंगेत आल्या आणि बापूंच्या आणि माझ्या अंगावर कोसळल्या.

स्टेजवर दोघा भावांचा घराच्या वाटणीवरून भांडणाचा प्रवेश सुरू झाला होता. तो बारा मिनिटांचा. त्यानंतर आक्का येते ती शेवटपर्यंत हलत नाही, अख्खा अंक तिच्यावर उभा आहे. आम्ही ताईंना विंगेमागच्या मोकळ्या जागेत आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मागच्या दाराशी प्रयोग लावणाऱ्या गावातल्या कंत्राटदाराची जीप उभी होती, ड्रायव्हर आत बसलेला. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

बापू पांढरेफटक पडले होते. “पडदा पाडतो मी. काय व्हायचं ते होऊ दे.”

“बापू, मी आहे ना,” मी म्हणाले. “मला सगळं पाठ आहे.”

“अगं, पण तू…” ते ताईंकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. आत नऊशे माणसं बसली होती. तीस वर्षांत बापूंनी एकदाही चालू प्रयोगात पडदा पाडला नव्हता. “साडी? आक्काची साडी कुठंय दुसरी?”

“हिरवी हाय की पेटीत,” धावत आलेल्या शेवंताबाई म्हणाल्या. “आनते. तवर बाईला गाडीत घाला तुमी.”

“हिरवी नको,” मी म्हणाले.

“का नको?”

“अंक तिथूनच पुढे चालू आहे. आत्ता निळ्या साडीत गेलेली आक्का हिरव्या साडीत परत कशी येईल? लोक हसतील. आमटीच्या डागावर पुढे सगळं भांडण आहे बापू.”

“अगं पोरी, हिरवीवरबी वतू की वाटीभर आमटी!” शेवंताबाई ओरडल्याच. “मानूस बघ की आदी!”

“चेहरा बदललेला चालेल,” मी म्हणाले. “तुम्ही माइकवरून सांगालच. पण चेहराही नवा आणि साडीही नवी, तर आक्का कोण हेच लोकांना कळणार नाही.”

आज हे लिहितानासुद्धा मला त्या बोलण्यातलं तर्कशास्त्र पटतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. चेहरा बदलला तर चालतो आणि साडी बदलली तर चालत नाही, हा विचार फक्त नाटकवाल्यांनाच सुचू शकतो. बाहेरच्या कुठल्याही शहाण्या माणसानं आम्हाला दोन थोबाडीत दिल्या असत्या. पण तिथं बाहेरचं कुणी नव्हतं. आणि बापू तर हाडाचे नाटकवाले. ते दोन्हीकडून पेचात सापडले. शेवटी ते ताईंपाशी गुडघ्यांवर बसले. दोघांनी उमेदीच्या काळात एकत्र कामं केली होती, त्यामुळे चारचौघांत नाही, पण अशा वेळी ते त्यांना एकेरी हाक मारत.

“कुमुद, काय करू? तूच सांग. पडदा पाडू?”

ताईंनी डोळे उघडले. त्यांचे ओठ हलत होते. स्टेजवर दोघे भाऊ घसा ताणून भांडत होते, त्यामुळे बापूंना काही ऐकू येईना. मी मान वाकवून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“काय म्हणतेय?” बापूंनी विचारलं.

“साडी घे म्हणतायत,” मी सांगितलं. “प्रयोग थांबवू नका म्हणतायत.”

बापूंच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “ऐकलंत शेवंताबाई? ही खरी नटी. काढा साडी, लवकर.”

नऊवारी सोडवणं सोपं नसतं. त्यात नेसलेलं माणूस आडवं, आणि प्रयोगात सुटू नये म्हणून जागोजागी टाचलेल्या पिना. शेवंताबाईंनी काष्टा सोडवला, मी खांद्यावरच्या पिना काढल्या. ताईंनी पदर मुठीत घट्ट आवळून धरला होता. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. मग बापूंनी त्यांना कमरेखाली हात घालून उचलून धरलं आणि आम्ही वळसे सोडवत गेलो. परकर-ब्लाउजावर त्या फरशीवर पडून होत्या, तेव्हा शेवंताबाईंनी पळत जाऊन पेटीतली ती हिरवी नऊवारी आणली आणि त्यांच्या अंगावर पांघरली. जीप हलली तेव्हा भावांच्या भांडणाला नऊ मिनिटं होऊन गेली होती. शेवंताबाई ताईंना धरून मागे बसल्या. मी विंगेत उभी राहून त्यांच्या घामानं ओली झालेली साडी नेसत होते आणि बापू मला काष्टा घालायला मदत करत होते.

भांडण संपलं, क्षणभर अंधार झाला. बापूंनी माइकवर सांगितलं, की कुमुद हिर्लेकर यांची प्रकृती बिघडली आहे, पण त्यांच्याच इच्छेनं प्रयोग पुढे चालू राहील, आणि आक्काची भूमिका शैला मुळावेकर करतील. माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा माइकवरून ऐकलं. दिवे आले, मी स्टेजवर पाऊल टाकलं.

कसं काम झालं म्हणाल, तर उत्तम झालं. यात खोटी नम्रता कशाला? सव्वा वर्षात घोटून घोटून पक्कं झालेलं सगळं बाहेर पडलं. शेवटच्या प्रसंगात बायका हुंदके देत होत्या. पडदा पडल्यावर लोक उभे राहिले. मी वाकून नमस्कार करत होते आणि मनात एकच विचार होता, की आता वसमतला जावं लागणार नाही. ताईंची आठवण मला त्यानंतर झाली.

नाट्यगृहाच्या ऑफिसात फोन आला होता. दवाखान्याच्या फाटकातच त्यांनी मान टाकली होती.

संध्याकाळी शेवंताबाई परत आल्या. मी अजून त्याच साडीत मेकअप रूममध्ये बसले होते. बापू बाहेर ललिताला फोन लावायच्या खटपटीत होते. शेवंताबाईंनी दार लोटून घेतलं.

“डागदर म्हनलं, धा-पंधरा मिंटं आदी आनली असती तर कायतरी करता आलं असतं.”

मी आरशाकडे वळून अंबाड्यातले आकडे काढायला लागले.

“बापूंना न्हाई सांगितलं मी. म्हातारा हाय खाऊन मरायचा. तुला सांगितलं.” त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. “सोड ती साडी. धुवायला पायजे.”

विंगेत शेवंताबाई ताईंच्या पायांशी होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नसावं. नसावंच. मुंबईला पोचल्यावर त्यांनी कंपनी सोडली आणि पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. बापूंनी वर्तमानपत्रवाल्यांना हकिगत सांगितली. ‘साडी घे, प्रयोग थांबवू नकोस’ हा मथळा दोन-तीन ठिकाणी छापून आला, शेजारी ताईंचा जुना फोटो आणि खाली माझा छोटा. बाबांनी ते कात्रण परभणीत कुणाकुणाला दाखवलं आणि वसमतच्या मंडळींना परस्पर नकार कळवला. आक्काची भूमिका माझी झाली. त्या भूमिकेचे मी तीनशेच्या वर प्रयोग केले.

अकराव्या दिवशी मी डोंबिवलीला गेले. ललिता माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. आईसारखाच रुंद चेहरा, डोळे सुजलेले. तिनं मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि माझ्यासमोर पलंगावर बसली.

“मला तुम्हालाच भेटायचं होतं. शेवटी तुम्ही होतात ना तिच्याजवळ?”

“हो.”

“बापूकाकांनी सांगितलं सगळं. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. ती खरंच तसं म्हणाली?”

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर भटजींचं काहीतरी चाललं होतं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. ती मला मारती, शिव्या देती, पेपरात देती, आणि मी परभणीला निघून गेले असते. असं काही फार मोठं आभाळ कोसळलं नसतं.

“हो,” मी म्हणाले. “अगदी स्पष्ट म्हणाल्या.”

“घाबरली होती का?”

“नाही. अजिबात नाही. शांत होत्या.”

“माझं काही नाव…?”

“बोलायला वेळच मिळाला नाही हो त्यांना.”

ललितानं डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ रडली. मग माझा हात हातात घेतला. “बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मला रोज स्वप्न पडतं, की ती मला हाका मारतेय आणि मी वर्गात शिकवतेय.”

आता ज्यांनी एवढं वाचलं त्यांना सांगून टाकते. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या विंगेत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, ताई म्हणाल्या होत्या, “नाटक बंद कर गं. मला भीती वाटतेय. ललिताला बोलाव.” दोनदा म्हणाल्या. आणि मी साडीला हात घातला तेव्हा त्यांनी पदर दुखण्यामुळे धरला नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि सोडत नव्हत्या. त्यांना सगळं कळत होतं. बोटं सोडवताना मला जोर लावावा लागला.

याला तीस वर्षं झाली. मालिका झाल्या, सिनेमे झाले, आणि गुडघे बोलायला लागल्यावर मी पुण्यात अभिनयाचे वर्ग काढले. दर वर्षी पन्नास-साठ मुलं येतात. कुणी सोलापूरहून, कुणी जळगावहून, घरच्यांशी भांडून, नोकऱ्या सोडून. त्यांना ऑडिशन कशी द्यायची ते सांगते, फोटो कसे काढायचे, घरभाड्याची सोय झाल्याशिवाय नोकरी सोडू नका, नकार मनाला लावून घेऊ नका. हे सगळं ती ऐकून घेतात. पण त्यांच्या वह्यांत पहिल्या पानावर ते दुसरंच वाक्य लिहिलेलं असतं, साडीचं. मी ते कधी शिकवत नाही. ती घरूनच शिकून येतात.

गेल्या जूनमध्ये ललिता आली. केस पांढरे झालेले, शाळेतून निवृत्त झालेली. बरोबर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी.

“ही माझी मृदुला. आजीचं सगळं हिच्यात उतरलंय बघा. म्हटलं, शिकायचंच तर तुमच्याच हाताखाली शीक.”

मुलगी खाली वाकून माझ्या पाया पडली. अंगानं बारीक होती. डोळे मात्र आजीचे, बारीक करून बघणारे. अर्ज भरून घेता घेता मी नेहमीप्रमाणे विचारलं, आजवर काय काय केलंयस?

“कॉलेजच्या एकांकिका केल्या. गेल्या वर्षी अंतिम फेरीला मला डेंग्यू झाला होता. एकशे तीन ताप. कुणाला सांगितलंच नाही. प्रयोग पूर्ण केला आणि मगच पडले.”

“आठ दिवस आयसीयूत होती,” ललिता म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं. मी रागावले खूप, पण खरं सांगू? आतून अभिमानच वाटला.”

“दिग्दर्शकाला तरी सांगायचंस,” मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “निदान आईला. इतका ताप होता तर आईला हाक मारायचीस.”

“छे!” मृदुला हसली. “आजीनं कुठं मारली होती?”

ललितानंही हसून माझ्याकडे पाहिलं. त्या दोघी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मला पुरेसा वेळ होता. कुठलाही प्रवेश संपत आला नव्हता, कुठली घंटा व्हायची नव्हती.

“शाब्बास,” मी म्हणाले, आणि तिच्या अर्जावर सही केली.